चालीवर कुठे नाव असतं

एका कार्यक्रमात मिळालेलं काचेचं सन्मानचिन्ह मी संडासाच्या खिडकीत ठेवलंय. वारा आला की ती खिडकी आपटायची, आता आपटत नाही. एखादा पाहुणा हात धुऊन बाहेर येतो आणि विचारतो, अहो, एवढी चांगली वस्तू तिथे कशाला? मग मी चहा टाकायला उठते. उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात मी काही फार बरी दिसत नाही.

मी नाहूरला राहते आणि मुलुंडच्या एका शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षं तेच ते निबंध तपासून वैतागले होते. अशात कुणीतरी एका संस्थेबद्दल सांगितलं. घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीतल्या समाजमंदिरात दर शनिवारी दुपारी ‘धोक्यातल्या मुलांसाठी संगीत आणि सर्जनशील लेखन’ अशी कार्यशाळा होती, आणि लेखन शिकवायला माणूस हवा होता. मी उडी मारून हो म्हटलं. आपण काहीतरी चांगलं करतोय या भावनेची एक गुंगी असते, ती मला तेव्हा चांगलीच चढली होती.

पहिल्याच दिवशी हातात फॉर्म दिले. प्रत्येक मुलाकडून भरून घ्यायचे. वडील दारू पितात का, घरात मारहाण होते का, शाळा सुटली आहे का, पोलिसांशी कधी संबंध आला का. समोर चौकोन, चौकोनात टिक. एका पोराने मला सरळ विचारलं, टीचर, आत यायला किती टिका लागतात? मी म्हटलं, खरं असेल तेवढंच भर. त्याने सगळ्यांवर टिक मारली, ‘आईवडील दोघेही हयात नाहीत’ यावरसुद्धा, आणि त्याची आई बाहेर पायरीवर त्याची पाण्याची बाटली घेऊन बसलेली. मी खो खो हसले. खरं तर मला तिथेच ओकारी यायला हवी होती. पोरांना पेटी, ढोलकी, कीबोर्ड वाजवायला मिळायचं म्हणून ती येत होती, आणि त्यासाठी आपलं घर किती सडलंय हे आधी कबूल करायचं, अशी ती फी होती.

संगीत शिकवायला बोरिवलीचा एक तरुण यायचा. अबोल, कामाला वाघ. त्याला सगळे सर म्हणायचे आणि तो लाजायचा. मुलांना तो आधी ऐकायला शिकवायचा. वर पंखा कुठल्या सुरात घरघरतोय ते सांगा, म्हणायचा. मी माझ्या बाजूने एक पद्धत काढली. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. ज्याला जे लिहायचं ते लिहावं, नाव घालू नये, घडी करून डब्यात टाकावं. शनिवारी डबा उघडायचा, खोलीतल्या खोलीत वाचायचं, ज्याला नको असेल त्याने घडीवर फुली मारायची, ते कागद फक्त मी वाचायचे आणि फाडून टाकायचे. डब्यातलं खोलीबाहेर जाणार नाही, हा नियम माझाच. फळ्यावर मोठ्या अक्षरात मीच लिहिला होता. लक्षात ठेवा हं हे.

तिथे एक सतरा वर्षांची मुलगी होती. बारीक, तोंडाने फटकळ, बारावीला कॉमर्स. तिने फॉर्मवर एकही टिक केली नव्हती आणि तरी येऊन बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, माझ्या घरात काही धोका नाही, पण पेटीवर हात बसवायचाय, हाकलणार का? सरांनी तिला पेटीसमोर बसवलं आणि पाचव्या मिनिटाला माझ्याकडे बघितलं. तिचा हात आधीच बसलेला होता.

तिचे वडील गाणारे. जालन्याकडून येऊन साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर आयुष्य काढलेलं, आणि संध्याकाळी गायनपार्टी. एक पेटी, एक ढोलकी, मागे कोरसला सहा-सात जण. वस्तीत त्यांना शाहीर म्हणतात. जयंतीला, लग्नाला, विहारातल्या कार्यक्रमाला नवं गाणं त्यांचंच. शब्द त्यांचे आणि चालही त्यांचीच. त्यांची ती ठरलेली चाल मला पोरीने ऐकवली. वर चढत जाते, ऐन ठिकाणी थांबते, तिथे ढोलकीवाल्यानेसुद्धा बोटं उचललेली असतात, आणि मग एकदम खाली येऊन बसते. ही आमच्या घरातली चाल, ती म्हणाली. दुसरं कुणी वापरत नाही. वापरलीच तर विचारून.

दिवाळीनंतर एका शनिवारी डब्यात एक कागद आला, घडीवर फुली मारलेला. अक्षर तिचं. मी घरी येऊन वाचला आणि स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले.

तिच्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. हात-पाय परत आले, बोलणंही बरंचसं आलं. लेथ गेलं, वर्कशॉपच्या मालकाने गेटवर बसवलं. पाठ असलेलं गाणं ते अजून पूर्वीसारखंच म्हणायचे. पण नवे शब्द येईनात. सकाळी ते पेटी काढून बसायचे, चाल गुणगुणायचे, नुसतं हं हं हं, आणि लेकीला म्हणायचे, लिहून घे. पहिल्या दिवशी तिने विचारलं, काय लिहू, पप्पा? त्यांचा चेहरा असा झाला की तिने परत कधी विचारलं नाही. ती लिहायला लागली. मनाने. लिहून झालं की वाचून दाखवायची, आणि ते मान डोलवायचे, हां, हेच म्हणत होतो मी. तीन वर्षं वस्ती ज्या गाण्यांवर टाळ्या वाजवत होती ती या पोरीची होती, आणि बापलेक एकमेकांसमोरसुद्धा हे कधी बोलले नव्हते. कागदावर शेवटी होतं, ‘पप्पा काहीच म्हणत नसतात. पण हे त्यांना मी कधी सांगणार नाही.’ खाली एका गाण्याच्या दोन ओळी.

चढ चढलो रं, पाण्यासाठी चढ चढलो,
पुस्तक हाती आलं तेव्हा उभा राहिलो.

त्यातल्या ‘उभा राहिलो’च्या आधी ती चाल थांबते. वाचताना मलाही थांबायला झालं.

पुढच्या शनिवारी पोरं निघून गेल्यावर ती मागे रेंगाळली. सतरंजी झटकता झटकता तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

“ते डब्यातच राहील ना, टीचर?”

“अगं म्हणजे काय,” मी म्हटलं. “फाडला सुद्धा.”

फाडला नव्हता. माझ्या पर्समध्ये होता. इतकं चांगलं लिहिलेलं कसं फाडायचं, असं मी स्वतःला सांगत होते. वीस वर्षं ‘माझा आवडता पक्षी’ वाचणाऱ्या बाईच्या हातात पहिल्यांदा खरं काहीतरी आलं होतं, आणि ते मला सोडवेना. हावच ती, दुसरं काय.

जानेवारीत संस्थेच्या मॅडम आल्या. वांद्र्याला बसतात, चांगल्या साड्या नेसतात, पोरांशी बोलताना खाली वाकतात. मार्चमध्ये वांद्र्याच्या एका हॉलमध्ये वार्षिक कार्यक्रम होता, सगळ्या केंद्रांचा. त्यांनी आमची पोरं जमवली आणि ऐकून घेतलं. एकाने रिक्षावाल्या काकांची नक्कल लिहिली होती, एकीने पाण्याच्या रांगेतल्या भांडणाचं गाणं केलं होतं, हसून हसून पोट दुखेल असं. मॅडम हसल्या नाहीत. छान आहे, म्हणाल्या, पण थोडं लाइट आहे ना? लोकांना आतून हलवेल असं काही नाहीये का? सर म्हणाले, मॅडम, मुलं अशीच आहेत. त्यावर त्या माझ्याकडे वळल्या. तुमच्याकडे तर तो डबा आहे ना, म्हणाल्या, मी ऐकलंय.

आता मी साळसूदपणे म्हणू शकते की माझ्यावर दबाव होता. कसला डोंबलाचा दबाव. त्या क्षणी मला दाखवायचं होतं की माझ्या हाताखाली काय लिहिलं जातं. मी पर्स उघडली. माकडाच्या हाती कोलीत दिलं म्हणतात, पण इथे माकडाने मागायच्या आत मीच काडी पेटवून दिली.

अक्कल वापरली नाही असंही नाही. चांगली रात्रभर बसून सगळं बदललं. वडिलांचे मामा केले, लेथच्या जागी शिलाईमशीन, साकीनाक्याच्या जागी कल्याण, जालना काढून सातारा. वाचायला बोरिवली केंद्रातली दुसरी मुलगी, गायलाही तीच. कुणाच्या बापाला कळणार नाही, या समाधानात मी झोपले. मुलीला विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, तिची बारावीची परीक्षा तोंडावर होती, दोन शनिवार ती आली नव्हती, आणि फोन करायला मला काही हात नव्हते असं नाही. ती नाही म्हणेल हे मला माहीत होतं.

तालमीला सरांनी पेटीवर ती चाल धरली आणि थांबले. म्हणाले, चाल बदलू या का? मी दोन दिवसांत दुसरी बांधतो. मला तर त्या थांबण्यातच सगळा जीव वाटत होता. मी हसले. चालीवर कुठे नाव लिहिलेलं असतं, म्हटलं. लिहिण्या-वाचण्याच्या बाहेर मला काही दिसतच नाही. माणसाची ओळख म्हणजे त्याचं नाव, गाव, धंदा, असं शाळेच्या रजिस्टरात असतं तेवढंच मला ठाऊक. सर गाणारा माणूस, त्याने विचारलं होतं. मी ऐकलं नाही.

वांद्र्याचा हॉल गारठवणारा. आमच्या पोरांना बसने आणलं, सगळ्यांना एकाच मापाचे पिवळे टीशर्ट, पाठीवर ‘माझा आवाज, माझी ताकद’. बारक्या पोरांच्या गुडघ्यापर्यंत येत होते. त्यांना शेवटच्या रांगांत बसवलं आणि खाऊचे खोके आधीच वाटून टाकले, कारण नंतरचं जेवण पाहुण्यांचं होतं. परीक्षा संपली म्हणून तीही आली होती. तिला मी लांबूनच बघितलं. जाऊन सांगायला दहा मिनिटं होती. मी साडीची निरी नीट करत बसले.

बोरिवलीची मुलगी छान वाचायची. ‘मामा काहीच म्हणत नसतात’ म्हणाली आणि पुढच्या रांगांत रुमाल निघाले. मग सरांनी पेटी उघडली. चाल चढली, थांबली. त्या थांबण्यात मागून आमच्या पोरांचा एकदम ओरडा आला, आनंदाचा. आपली चाल! आपल्या वस्तीची चाल वांद्र्यात! पटापट फोन वर गेले. त्यात एकच डोकं खाली होतं.

नंतर एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले. सो रॉ, सो रियल, म्हणाल्या, आपल्याच शहरात असं असतं हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या मागे तंदूरचा वास सुटला होता. मला बोलावून ते काचेचं चिन्ह दिलं, फोटो काढला, आणि मी हसले. फोटो आहे अजून संस्थेच्या पत्रकात. बत्तीशी दिसतेय.

बसपाशी ती टीशर्ट काढून हातात घडी करून उभी होती, आत स्वतःचा कुर्ता. माझ्या अंगावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“चाल तरी बदलायची होती, टीचर,” ती म्हणाली. टीशर्ट माझ्या हातात दिला आणि बसमध्ये चढली.

पोरांनी व्हिडिओ बसमधूनच पाठवले होते. त्यांचा काही दोष नाही, अभिमानाने पाठवले. घाटकोपरला पोचेपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक ग्रुपवर गाणं वाजत होतं. आधी लोकांनी चाल ऐकली, मग गाण्याच्या आधीचं वाचन ऐकलं, आणि मामा कोण ते दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं. कुणी वाईट बोललं नाही, हे सर मला परत परत सांगतात. ते जयंतीच्या कार्यक्रमाला गेले होते. शाहीर नेहमीसारखे बसले, पहिलं गाणं झालं. दुसऱ्याच्या आधी गर्दीतून कुणीतरी प्रेमाने म्हणालं, अहो, ताईला पण बोलवा की वर, लिहिणार ती आणि बसणार खाली? लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बायकांत बसलेली. शाहिरांनी तिच्याकडे बघितलं, पेटीचा भाता बंद केला, आणि आवाज बसलाय म्हणून उतरले. त्यानंतर ते गायलेले नाहीत.

मी मॅडमना फोन केला. वाटलं, यांना लाज तरी वाटेल. तर त्यांच्या आवाजात एकदम चमक आली. म्हणजे बघा ना, केवढा इम्पॅक्ट झाला, म्हणाल्या, बापलेकीला समोरासमोर बसवून एक छोटी फिल्म करता येईल का? माझी आई मालवणची, गिरणी कामगाराची बायको. तिच्या तोंडात एक वाक्य असायचं, ते माझ्या तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडलं. शिरा पडो तुझ्या तोंडार. फोन ठेवला, काम सोडलं. पण मग आरशात बघितलं तर तीच शिवी परत माझ्याकडे. त्या बाईने निदान कुणाला शब्द दिला नव्हता.

महिना गेला आणि एका रविवारी सकाळी मी टेकडी चढले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, शाळेतल्या भाषणासारखं. पोरगी पाण्याला गेली होती, तिची आई मुलुंडला पोळ्यांच्या कामाला. शाहीर एकटेच कॉटवर होते. या बाई, बसा, म्हणाले आणि स्वतः उठून चहा ठेवला. डावा हात अजून थोडा मागे राहतो. कपाला तो हात लावून त्यांनी चहा माझ्यापुढे केला आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले. चुकले, एवढंच म्हणता आलं.

त्यांनी हात हलवला. पोरगी चांगली लिहिते, म्हणाले, तुम्ही शिकवलंत. अगदी मनापासून म्हणाले. मला शिकवणं या शब्दाचीच घाण वाटली. मी सांगितलं की मी काहीही शिकवलं नाही, ती येताना घेऊन आली होती. त्यावर त्यांनी कप उचलून बाजूला ठेवला. मग कॉटखालून पेटी ओढली, वरचं फडकं काढलं. आता ती लिहीत नाही, म्हणाले. मी पेटी काढली की तिला काहीतरी काम आठवतं. मी तिला म्हटलं, अगं, मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी नाही लिहीत.

त्यांनी भाता धरला. चाल चढली, नुसतं हं हं हं, ऐन ठिकाणी थांबली, आणि खाली बसली. मग माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही लिहिणाऱ्या ना, बाई? घ्या लिहून.”

थट्टा नव्हती त्यात, राग नव्हता. पौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता आणि माणसाला गाणं हवं होतं. मी पर्समधून पेन काढलं. ज्या पर्समधून तो कागद काढला होता, तीच. दोन ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या. शब्द बरे होते, यमक जुळत होतं, मात्रा बसत होत्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि नाही अशी मान हलवली. परत गुणगुणले. मी परत लिहिलं. परत मान हलली. तिसऱ्यांदा वाचत असताना दारात अंधार झाला म्हणून वर बघितलं. ती उभी होती, कमरेवर हंडा, कुर्त्याची एक बाजू भिजलेली. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. चाल जिथे थांबते तिथे तिचे ओठ हलले. तिच्याकडे शब्द होते, मला दिसत होते. शाहिरांनाही दिसले असणार, कारण त्यांनी भाता तसाच धरून ठेवला आणि वाट बघितली.

तिने ओठ मिटले, हंडा आत नेऊन ठेवला आणि दुसरा रिकामा घेऊन निघून गेली.

शाहिरांनी पेटी बंद केली. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, माझा कागद त्यांनी नीट घडी करून मला परत दिला.

“नाही बाई,” ते म्हणाले. “हे नव्हतो म्हणत मी.”